भीम छोटा कसा करायचा

“मग पांडव कशाचं करू? तुझ्या हापिसातल्या कागदाचं?” माईंनी कमरेवरची शेणाची पाटी खाली ठेवलीच नाही.

“माई, मी पांडव करू नका म्हणत नाही. थोडे छोटे करा. टाकीत काल काही पडलेलं नाही.”

“छोटं? भीम छोटा करू व्हय रं?”

दिवाळीतल्या पाडव्याची सकाळ होती. माधव घरामागच्या परड्यात, गोठा आणि गोबरगॅसची टाकी यांच्या मधोमध उभा होता. टाकीवरचं लोखंडी झाकण गॅस भरला की वर येई. आज ते पार खाली बसलं होतं. दारात दरवर्षीसारखे शेणाचे पांडव मांडायला माधवच्या आई, माई, शेण घेऊन निघाल्या होत्या, आणि ते त्यांनी नेलंच.

माधव नियोजनाच्या कचेरीत होता. कितीही मोठी गोष्ट रकान्यांत मांडली की त्याला सोपी वाटे. रॉकेलच्या रांगा वाढू लागल्या तेव्हा साहेबांनी त्याला जिल्ह्याच्या इंधनाचा पुढच्या वीस वर्षांचा आराखडा करायला सांगितलं. माधवनं म्हशी मांडल्या, म्हशींचं शेण मांडलं, शेणातून निघणारा गॅस मांडला. सन दोन हजारच्या रकान्यात चुलीपुढे त्यानं शून्य घातलं. आपण लिहितो ते खरं होतं हे दाखवायला स्वतःच्या परड्यात टाकी बांधली आणि तसं आराखड्यात नोंदवलं. सण संपला की पुण्याचे अधिकारी या टाकीच्या गॅसवर शेगडी पेटलेली बघायला येणार होते. ती पेटली नाही तर सगळा आराखडाच खोटा ठरत होता.

एवढ्यात धोंडुबाई आली. ती शेणी, म्हणजे जळणाच्या गोवऱ्या, थापायची आणि थापलेल्यातल्या निम्म्या घेऊन जायची. माधवच्या वडलांपासूनचा हा रिवाज. वेगळा पगार कधी नव्हताच.

“धोंडुबाई, चार दिवस शेणी नकोत. सगळं शेण टाकीत जाऊ दे.”

“घाला की, दादा. माझ्या निम्म्या कुठनं देताय तेवढं सांगा.”

“अगं, गॅस निघाला तरी शेण संपत नाही. पलीकडून बाहेर येतं. खत होतं त्याचं.”

“त्या पातळाच्या शेणी हुतील व्हय? आन खताला शेत हाय कुठं मला?”

माधवच्या आराखड्यात धोंडुबाई कुठेच नव्हती. भीमही नव्हता. घरच्या दोन्ही म्हशी दुपारी रंकाळ्यावर डुंबायला जात, तिथे पडणारं शेणसुद्धा त्यानं घरचंच धरलं होतं.

तो स्वयंपाकघरात आला. शेगडीवर ज्योत वाटाण्याएवढी होती आणि श्यामला, त्याची बायको, चहाच्या पातेल्याकडे बघत बसली होती.

“चहा उकळायचा की मी म्हातारी व्हायची?” ती म्हणाली आणि स्टोव्हला पंप मारू लागली.

“श्यामल, खरं सांग. तुला गॅस हवा की चूल?”

हा प्रश्न तिला टाकी बांधतानाही कुणी विचारला नव्हता. तिनं जरा विचार केला.

“चहाला गॅस. भाकरीला चूल, गॅसवरची भाकरी माईंना चालत नाही आणि मलाही आवडत नाही. पावसात दोन्ही रुसली की स्टोव्ह. मला तिन्ही पाहिजेत.”

“आराखड्यात असं लिहिता येत नाही. एका घरापुढे एकच इंधन धरायचं असतं.”

“मग मला विचारता कशाला?”

दारात माई शेणाच्या भीमाच्या पोटाला आणखी एक गोळा लावत होत्या. माधव ओसरीवर बसून विचार करत राहिला. गॅस बरोबर होता. धोंडुबाईचा वाटाही बरोबर होता. शेण कमी पडतं, तर म्हैस वाढवावी. पण मग आराखड्यात घरटी एक म्हैस वाढवायची? तिला चारा कुठला? उसाचं वाडं, शेंड्याचा पाला, म्हणावं, तर ऊस अजून वाढवायला हवा. त्याला पाणी, पाण्याला वीज. आपण कुठून निघालो होतो तेच त्याला आठवेना.

जेवणाची पानं मांडली. चुलीवरच्या भाकऱ्या पानात पडल्या. पहिला घास तोंडाशी नेता नेता माधवनं तो परत पानात ठेवला.

“सणानंतर तिसरी म्हैस आणतोय,” तो म्हणाला. “तिचं शेण टाकीचं.”