राजासाठी फासलेली पावडर

मंडळी, आज पैठणला एका मालिकेची ऑडिशन दिली. भूमिका सातवाहन राजाची. सावळ्या रंगामुळं आजवर मला पहारेकरीच मिळाला, म्हणून घरूनच जाड पावडर फासून गेलो होतो.

तरी दिग्दर्शक म्हणाले, "अजून उजळ करा. राजा वाटला पाहिजे."

मेकअपवाल्या शोभाताईंनी ओल्या रुमालानं माझं तोंड खसाखसा पुसलं. "राजा गोदाकाठचाच ना, साहेब? इथल्याच उन्हात फिरला असंल. अजिंठ्याच्या चित्रांतले राजे बघा, लई जण सावळे हायेत."

दिग्दर्शकांनी माझा पुसलेला चेहरा कॅमेऱ्यातून पाहिला. मग म्हणाले, "असंच राहू द्या."

भूमिका मिळो न मिळो, शोभाताई, तुमचे उपकार आहेत.

घरी आल्यावर लेकीनं हा फोटो काढला. फिल्टर लावू नको, असं तिला मी पहिल्यांदाच सांगितलं.