आज आशीर्वाद आम्ही म्हणतो

आमच्या पाळकसाहेबांना आम्हीच आजारी पाडलं होतं.

दानिएल पाळकसाहेब आज पहाटे गेले. सगळे चांगलंच लिहितायत. मला मात्र हे सांगायचंय.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. साहेब एकटे आणि चर्च तीन. रविवारी सकाळी बारामती, दुपारी इंदापूर, संध्याकाळी लोणी देवकर. एम-एटी स्कूटरवर.
शिवाय लग्नं, मयती, घरभेटी. कुणाच्या पोराला एमआयडीसीत चिकटवायचं असलं तरी साहेबच.

एका रविवारी बारामतीत ते उपदेशाला उभे राहिले. बायबल उघडलं.
परत मिटलं.
मग म्हणाले, "मला आज बोलता येत नाही." आणि जाऊन शेवटच्या बाकावर बसले.

शुगर नॉर्मल, बीपी नॉर्मल. डिप्रेशन हा शब्द आमच्यात कुणी उच्चारत नव्हतं. कमिटीतले एकजण म्हणाले, "पाळकाला कसलं टेन्शन? विश्वास कमी पडला."

मग आम्ही आम्हाला येत होतं तेच केलं. साहेबांना विश्रांती मिळावी म्हणून रोज संध्याकाळी त्यांच्याच घरी प्रार्थनासभा!

भगिनी मंडळाची सेक्रेटरी मी. कुणी कधी जायचं, त्याची यादी मीच केली. सुंदर अक्षरात. केवढी मिरवत होते मी!

दहा-पंधरा माणसं, तीन गाणी, लांबलचक प्रार्थना. पाळकीणबाई आत चहा टाकायच्या.
आणि शेवटी, रिवाजाप्रमाणे, "साहेब, आशीर्वाद द्या."
साहेब खाटेवरून उठायचे, शर्ट नीट करायचे, हात वर करायचे.

सातव्या दिवशी हात वर झाला आणि शब्दच आले नाहीत. साहेब सगळ्यांसमोर रडायला लागले.

आम्ही खाली बघत बसलो. उठल्या फक्त माळेगावच्या सोनाआजी. त्यांनी साहेबांचा वर गेलेला हात धरून खाली घेतला.

"साहेब, तुमी बसा. डोळं मिटा. आज आमी म्हणतो."

आशीर्वादाचे शब्द आजींना कुठं पाठ होते? म्हणाल्या, "देवा, ह्या लेकराला झोप लागू दे. दुसरं काय न्हाय."

आमेन झाल्यावर माझ्याकडे वळल्या. "ती यादी फाड. आन् उद्या हितं कुणी यायचं न्हाय."

फाडली. लाज वाटली, आजही वाटते.

पाळकीणबाई साहेबांना पुण्याला मनाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. चार महिने सुट्टी. तिन्हीकडची उपासना आम्हीच चालवली, सुरांची पार वाट लावत.

परत आल्यावर पहिल्याच रविवारी ते म्हणाले, "मी गोळ्या घेतो. कुणाला झोप लागत नसेल तर मला येऊन सांगा. प्रार्थना करू आणि डॉक्टरकडेही जाऊ."
त्या आठवड्यात चारजण त्यांच्याकडे गेले. त्यात विश्वास कमी पडला म्हणणारेही होते.

उद्या दफनविधी. शेवटी आशीर्वादाची वेळ येईल आणि सवयीनं आमच्या माना तुमच्याकडेच वळतील.

उठू नका साहेब.
डोळे मिटलेलेच असू द्या.
आज आम्ही म्हणतो.

सलाम.