लक्षणांचं पान

माझ्या मानेतल्या गाठीचा तुकडा नांदेडला तपासायला गेला, त्या पंधरवड्यात मी रोज सेलूच्या वाचनालयात वैद्यकाचा जाडजूड ग्रंथ वाचायला जायचो. ग्रंथ एकच, घरी न्यायला बंदी, आणि एका धोतरवाल्या गृहस्थानं तो आधीच बळकावलेला असायचा. त्याच्या गालात गाठ होती, त्याचाही रिपोर्ट यायचा होता. बाहेर मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरावरून गाव तापलं होतं; आम्हा दोघांना आपापल्या गाठीपलीकडं जग नव्हतं.

तळहातावर तंबाखू मळत तो तोंडाच्या कॅन्सरची लक्षणं वाचायचा आणि जुळेल त्या लक्षणापुढं पेन्सिलीनं खूण करायचा. मी शहाणा, मी खुणा मनातल्या मनात करायचो.

लक्षणांची पानं मळून काळी झाली होती. पुढचं उपचारांचं पान मात्र कोरं करकरीत. एकदा मी म्हणालो, "तेबी वाचा की."

"ते डॉक्टर वाचंल," तो म्हणाला. "आपलं काम भ्यायचं हाय."

माझ्या रिपोर्टात काही निघालं नाही. ऐटीत त्याला सांगायला गेलो. खुर्ची रिकामी होती. ग्रंथ उघडा होता, आणि उपचारांच्या पानावर त्याच्या पेन्सिलीची पहिली खूण होती.