हिरवी कड

नव्वदच्या दशकात सीडीच्या कडेला हिरवं मार्कर पेन फिरवलं की आवाज सुधारतो, असं एक खूळ होतं. ते डोंबिवलीच्या आमच्या मित्रमंडळींत मी आणलं. परदेशी मासिकात वाचलं होतं. सीडीवर फक्त आकडे असतात. यंत्राला ते वाचता येतात किंवा येत नाहीत. कड रंगवून ते सुरेल होत नाहीत. माझा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेला होता, हे मला कळायला हवं होतं.

रविवारी सकाळी माझ्याकडे बैठक असे. एकदा ठाण्याच्या वर्तकनगरहून मामा आले होते. त्यांनी जन्मभर बाजाच्या पेट्या सुरात जुळवल्या. पेटीतली पितळी पट्टी कानशीनं किंचित घासायची, वाजवायची, पुन्हा घासायची. सगळं कानावर. मी एकाच गाण्याच्या दोन सीडी लावल्या, एक साधी, एक हिरव्या कडेची. मित्रांनी माना डोलावल्या. "हिरवीत तंबोरा कसा सुटा ऐकू येतो बघ!"

मामा म्हणाले, "अरे, दोन्ही सारख्याच आहेत की."

"मामा, वयानं वरचे सूर ऐकू येईनासे होतात," मी म्हणालो. "तुमचे कान गेले आता."

"मामांना मशीन घ्या रे कानाचं!" कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. मामाही हसले.

पुढच्या महिन्यात आमच्या शेजाऱ्यांची पेटी जुळवताना मामा शेजाऱ्यांच्या मुलीला प्रत्येक सुराला विचारत होते, "लागला का गं बरोबर?" त्यांनी कधी कुणाला असं विचारलेलं मी पाहिलं नव्हतं. दिवाळीपर्यंत त्यांच्या घरी आलेल्या सगळ्या पेट्या त्यांनी न जुळवताच परत केल्या. कान साथ देत नाही म्हणाले.

एका दुपारी बायकोनं मला प्लेअरकडे पाठ करून बसवलं. "सांगा, कुठली?"

"हिरवी."

"आता?"

"साधी. स्पष्ट कळतंय."

"आता?"

"हिरवी."

तिन्ही वेळा साधीच लावली होती. ती हसली नाही. म्हणाली, "अहो, आत्ता जा आणि मामांना सांगून या."

मी गेलो. मामा गॅलरीत पेपर वाचत बसले होते. मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच विचारलं, "तुझ्या त्या हिरव्या सीडीत नेमका फरक कुठे असतो रे? मला शिकवशील? परत येतो एकदा ऐकायला."

एवढंच सांगायचं होतं, मामा, तुम्ही बरोबर होतात. पण मग मित्रांनाही सांगावं लागलं असतं.

"येईल ऐकू हळूहळू," मी म्हणालो.

चहा घेऊन डोंबिवलीला परतलो. बायकोनं दारातच विचारलं. मामा घरी नव्हते, असं तिला सांगितलं.