वळकटीबाई

रात्री घरात कोण कुठे झोपतं, हा बाईंचा पहिला प्रश्न असे. तक्रार काय, भांडण कशावरून, आजारी कोण, हे सगळं नंतर. नव्वदच्या सुमारास भाईंदर पूर्वेला एका महिला मंडळाच्या सल्ला केंद्रात त्या दुपारच्या वेळी कुटुंबांना सल्ला द्यायला बसत. प्रश्न ऐकून नवरे अवघडत, बायका एकमेकींकडे बघून हसू दाबत. खोली आणि स्वयंपाकघर एवढ्याशा घरात दिवसा सगळेच सगळीकडे असतात, माणसाची खरी जागा अंथरुणावरून कळते, असं बाईंचं म्हणणं होतं. त्यावरून लोकांनी त्यांना वळकटीबाई म्हणायला सुरुवात केली. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्याचं वाईट वाटत नव्हतं.

बाई काशीगावच्या. घरची पूर्वी मिठागरं होती. त्यांनी समाजकार्याची पदवी घेतली होती आणि केंद्रात त्या नेटकं मराठी बोलत, शेजारच्या दुकानदाराशी हिंदी. चिडल्या किंवा आतून हलल्या की मात्र घरची बोली बाहेर पडे. आपला विषय समजावताना त्या मिठागराचाच दाखला देत. बांध नसेल तर मीठ धरत नाही, आणि बांधाला उघाडी, म्हणजे पाणी आत घ्यायचं दार, नसेल तर खाडीचं पाणीच आत येत नाही. घरातल्या माणसांमध्येही असा बांध हवा आणि त्याला अशी उघाडी हवी. एका माणसाला रोगी ठरवून त्याच्यावर उपचार करणं त्यांना मान्य नव्हतं. त्या घराची मांडणी बघत.

आमच्या घरी त्या आल्या त्या प्रज्ञासाठी. प्रज्ञा माझी भाची, थोरल्या बहिणीची मुलगी, नववीत शिकणारी. आम्ही मूळचे परभणीकडचे. दाजी एका कारखान्यात होते, ताई शिवणवर्गात शिकवायची, प्रज्ञाच्या पाठचा एक भाऊ होता आणि एका दैनिकात उपसंपादक असलेला मी त्यांच्याकडेच राहत होतो. प्रज्ञा शाळेत चक्कर येऊन पडायला लागली. डॉक्टरांना काही सापडलं नाही. शाळेतून नाव काढून तिला गावी आत्याकडे पाठवायचं, असं घरात जवळजवळ ठरलं होतं. तिला शिकायचं होतं. तिच्या वर्गशिक्षिकेनं बाईंचं नाव सुचवलं.

बाईंनी भर दुपारी अंथरुणं घालायला सांगितलं. आम्ही सगळे भिंतीला टेकून उभे राहिलो आणि प्रज्ञानं एकटीनं सगळ्यांची अंथरुणं घातली. दाजींचं दाराशी, ताईचं आणि धाकट्याचं स्वयंपाकघरात, माझं गॅलरीत. स्वतःचं तिनं खोलीच्या मधोमध घातलं, दोन्हीकडची हाक ऐकू येईल असं. बाई ताईला काही विचारत, उत्तर प्रज्ञा देई. दाजींना विचारत, उत्तर पुन्हा प्रज्ञाच देई. शेवटी बाई खाली बसल्या आणि म्हणाल्या, "हितं माणसं सगळी हाईत, पण जाग्यावर एक पण न्हाय."

हळूहळू त्यांनी जे काढून घेतलं ते असं. ताई आणि दाजी महिनोन्‌महिने एकमेकांशी थेट बोलत नव्हते. भांडण म्हणावं असं काही नव्हतं, सवय मोडली होती. दाजींना जे सांगायचं ते प्रज्ञामार्फत जाई. ताईला जे वाटे ते ती मला सांगे आणि मी ते सोयीनं दाजींच्या कानावर घाली. "पत्रकार, तुम्ही या घरातलं तारऑफिस आहात," बाई मला म्हणाल्या. दाजी मोठ्यानं हसले. ताई हसली नाही.

बाईंचा पहिला उपाय फसला. आजपासून प्रज्ञा कुणाचं काही करणार नाही, निरोप नाही, अंथरूण नाही, धाकट्याचा अभ्यास नाही, असं त्यांनी ठरवून दिलं. त्याच आठवड्यात ती घरातच पडली. शुद्धीवर आल्यावर चिडून म्हणाली, मग मी इथं कशाला आहे? बाईंनी आमच्या सगळ्यांसमोर सांगितलं की ही चूक त्यांची होती. मुलीचं काम काढून घेतलं, पण तिला मुलीची जागा दिलीच नाही. मग त्यांनी धाकट्याचा अभ्यास तिच्याकडे परत दिला, कारण ते थोरल्या बहिणीचं काम होतं. खिडकीजवळचा कोपरा तिचा ठरला.

त्यानंतर त्यांनी ताई आणि दाजींना समोरासमोर सतरंजीवर बसवलं, मुलांना आणि मला भिंतीशी. प्रज्ञाला गावी पाठवायचं की नाही, हे दोघांनी बोलून ठरवायचं, आमच्याकडे न बघता. दाजींनी सवयीनं सुरुवात केली, "प्रज्ञा, आईला सांग..."

"आई समोर बसलीय, दादा," बाई म्हणाल्या.

दाजी ताईकडे वळून म्हणाले, "तुला ती इथं नको होती ना?"

"मी कधी म्हटलं? मला वाटलं, तुम्हालाच पाठवायचीय."

दाजींनी प्रज्ञाकडून विचारून घेतलं होतं, आत्याकडे पाठवायचं का. उत्तर आलं होतं, आई म्हणते पप्पा म्हणतील तसं. दोघांनीही त्याचा अर्थ होकार असा घेतला होता. आपल्या पाठवणीचे निरोप मुलीनं स्वतःच पोचवले होते, एक शब्द न बदलता. ताई रडली. प्रज्ञा उठून तिच्याकडे जायला लागली, तेव्हा बाईंनी हात आडवा धरला. "तू बस. पप्पा हायेत." दाजी जागेवरून थोडे पुढे सरकले.

प्रज्ञा गावी गेली नाही. मी काशीमिऱ्याकडे एक खोली भाड्यानं घेतली. सुचवणं बाईंचं होतं. भाऊ पाहुणा म्हणून यावा, असं त्या म्हणाल्या. ताईला ते लागलं, महिनाभर ती माझ्याशी तुटक बोलली. चक्कर एकदम थांबली नाही. शाळेत एकदोनदा आली, मग येईनाशी झाली.

एका रविवारी मी ताईकडे गेलो तर जिन्यापर्यंत भांडणाचा आवाज येत होता. प्रज्ञा खाली इमारतीच्या आवारात मैत्रिणीबरोबर जाळीशिवाय बॅडमिंटन खेळत होती. वर काय चाललंय, मी विचारलं.

"भांडतायत."

"तू नाही गेलीस?"

"त्यांचं ते बघतील, मामा. बाजूला हो ना."

शेवटच्या भेटीत ताईनं बाईंना जेवायला थांबवलं होतं, तुम्ही आता घरच्याच, म्हणाली होती. बाई थांबल्या नाहीत. घरच्या झाल्या तर त्यांनाही कुठेतरी अंथरूण घालावं लागेल, असं म्हणून हसत उतरून गेल्या. पुढे ते केंद्र बंद पडलं. प्रज्ञा दहावी पास झाली तेव्हा मी पेढे घेऊन काशीगावला गेलो. बाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. गुण त्यांनी विचारले नाहीत.

"भांडतात का अजून दोघं?" त्यांनी विचारलं.

भांडतात, मी म्हटलं.

"कोणाशी?"

"एकमेकांशी."

बाईंनी पेढा अर्धा केला. "बरं हाय," त्या म्हणाल्या.