वहिनीचा डासाएवढा वैरी

माझ्या वहिनीने, इंदो तेन्रीने, म्हणजे तेन्रीच्या आईने, दोघांशी वैर धरलं. एक डासाएवढा पतंग, दुसरा बांधापलीकडचा अंबो लेच्चे. मला विचाराल तर दोघं एकाच लायकीचे.

पतंग करडा, पंखांवर पांढऱ्या नागमोडी रेघा, टोकाला पिवळा ठिपका, मिशा अंगापेक्षा लांब. मेला दिवसभर आडव्या फांदीच्या खालच्या अंगाला चिकटून झोपतो आणि अंधारलं की कोकोच्या फळांवर एकेक अंडं घालत सुटतो. अळी आत शिरली की बिया चिकटून दगड होतात. बाहेरून काही म्हणता काही कळत नाही.

फळं फोडली की टरफलं आम्ही त्याच दिवशी पुरतो, कारण त्यांतूनच अळ्या बाहेर पडतात. लेच्चे पुरायचा नाही. वहिनीच्या बांधालाच ढीग लावायचा. माझा भाऊ जाऊन चाळीस दिवसही झाले नव्हते, तेव्हा ती त्याला सांगायला गेली. मशिदीपुढे चारचौघांत हसला तो! "मग काय पतंगाला कुंपण घालू? नवरा नाही तर तूच बस राखण करत!"

झालं! वहिनी दातओठ खात घरी आली. "याला पाणी पाजलं नाही तर नाव बदलेन."

तिने प्रत्येक कोवळ्या फळाला पांढरी पिशवी बांधली, शिडी लावून, मान मोडेस्तोवर. फक्त भावाने लग्नाच्या वर्षी लावलेलं पहिलं झाड तसंच ठेवलं. पांढरं बघून तिला कफन आठवायचं. "यांच्या झाडाला नाही नेसवणार," म्हणायची. तिथले पतंग ती दिवसा फणसाचा चीक लावलेल्या काठीने टिपायची. लेकीच्या, तेन्रीच्या, नव्या घरी त्याच झाडाच्या बियांची रोपं जायची होती.

आमच्याकडे जागा नाही म्हटल्यावर पतंग लेच्चेकडे वळले. त्याच्या तोडणीला आम्ही बायका रिवाजाप्रमाणे फळं फोडायला गेलो. वहिनी मुद्दाम पुढे बसली आणि एकेक फळ त्याच्या नाकासमोर धरत राहिली. "हेही दगडच की रे, अंबो! कुंपण घातलं नाहीस वाटतं?" बायका फिदीफिदी हसल्या. मलाही गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला बोलू. लेच्चेने त्याच आठवड्यात रागाने सगळी झाडं तोडून मका पेरला.

आता त्याच्याकडे एक फळ उरलं नाही. सगळे पतंग त्या एका उघड्या झाडावर उतरले. काठी कुठे कुठे पुरणार?

परवा वहिनीने त्या झाडाची फळं फोडली. एक बी सुटी निघेना. तेन्री म्हणाली, "राहू दे गं, आई." वहिनी उठली, झाडावरच्या उरल्या कोवळ्या फळांना एकेक पांढरी पिशवी बांधली आणि मयताच्या दिवशी रडली नव्हती एवढी रडली.

मग नाक पुसून मला म्हणाली, "वन्सं, मक्याला कुठली कीड लागते हो?"