कसबा पेठेत पाहिलेला सिनेमा

तो जुना कृष्णधवल सिनेमा हल्ली मी विश्रांतवाडीच्या खोलीत मोबाइलवर एकटाच पाहतो. बंगल्यातली मुलगी, ड्रायव्हरचा मुलगा, तिच्या वडिलांचा विरोध आणि शेवटी लग्न. पहिल्यांदा पाहिला तो कसबा पेठेत, ऑफिसातल्या मैत्रिणीच्या घरी, एका रविवारी दुपारी.

आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. नोकरी लागली तेव्हा मीटिंगमध्ये तोंड उघडायला घाबरायचो. तिनं शेजारी बसून मला बोलतं केलं. ते उपकार मी विसरणार नाही. वर्षभरात आम्ही एकमेकांत गुंतलो, पण तसं कुणी म्हटलं नव्हतं. त्या दिवशी मी ते म्हणायचं ठरवून गेलो होतो.

तिचे वडील निवृत्त शिक्षक. सिनेमा बघताना म्हणाले, "हा ड्रायव्हरचा मुलगा गाडी पुसताना काही दिसत नाही. नुसता गातोय." सगळे हसले, मीही हसलो. त्यात टोमणा होता असं मला आजही वाटत नाही.

मध्येच चहा झाला. मी उठलो, माझा कप मोरीत विसळला आणि त्यांच्या भांड्यांपासून लांब, खिडकीच्या कठड्यावर पालथा घातला. माझे वडील गावी एका डॉक्टरांच्या बंगल्यावर माळी होते. तिथं चहा मिळायचा, पण कप आपला आपण धुवून वेगळा ठेवायचा. लहानपणी त्यांच्याबरोबर जायचो, तेव्हाच हाताला ते वळण लागलं.

तिची आई मागेच उभी होती. "अहो, तिथं काय ठेवता? इकडे द्या," म्हणत त्यांनी कप आपल्या कपांमध्ये ठेवला आणि मला लाडू दिला. त्या घरानं मला वेगळं धरलं नव्हतं. मीच धरलं होतं.

सिनेमा संपल्यावर ती मला कोपऱ्यापर्यंत सोडायला आली.

"काहीतरी सांगणार होतास ना?"

"सिनेमा चांगला होता."

"ते नाही विचारलं मी."

बस चुकेल, असं मी सांगितलं. ती घराकडे वळली. पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं.

त्या दिवशी बस यायला अर्धा तास लागला. तेवढ्यात परत जाऊन येता आलं असतं.